आभार मानणाऱ्याचे आभार

मला राग येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बोरसे भाऊ एवढा शांत माणूस, त्यांना अचानक झालं तरी काय. मी शांत कधीच नव्हतो. मी फक्त माईकसमोर शांत असतो, कारण माझ्या वाट्याला माईक येतो तो आभारप्रदर्शनापुरता, आणि आभार काही ओरडून मानता येत नाहीत.

आभारप्रदर्शन म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. कार्यक्रमात स्वागत करणाऱ्याला मान असतो. प्रास्ताविक करणारा वाटेल तेवढं बोलतो, कारण लोक नुकतेच येऊन बसलेले असतात आणि उठायला अजून कारण मिळालेलं नसतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या चारोळ्यांना टाळ्या पडतात. प्रमुख पाहुण्यांना शाल मिळते, अध्यक्षांना शाल मिळून वर तासभर झोपही मिळते. आणि सगळ्यांचं सगळं झालं की बाई म्हणतात, "आता आभारप्रदर्शन करतील आपले बोरसे भाऊ." हे वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्च्या सरकतात. आमच्या जळगावात हिवाळ्यातला कुठलाही कार्यक्रम, मग ती व्याख्यानमाला असो की कोणाचा वाढदिवस, भरीत-पुरीवर संपतो. आभार म्हणजे ताटं मांडली, हे लोकांच्या अंगात इतकं भिनलंय की 'आभार' शब्द ऐकला की माणूस चप्पल शोधायला लागतो. गेली वीसेक वर्षं मी लोकांच्या पाठींचे आभार मानत आलोय. कॉलनीतल्या कित्येकांना मी चेहऱ्यापेक्षा पाठीवरून लवकर ओळखतो.

आणि माझे आभार ऐकण्यासारखे असतात हो! हातात चिटोरा घेत नाही. मंडपवाला, खुर्च्यावाला, ज्यांच्या घरातून वायर ओढली ते, ज्यांच्या अंगणात चपला काढल्या ते, भोंगा सहन केला म्हणून शेजारची कॉलनी, एवढंच काय, आयत्या वेळी लाइट गेली नाही म्हणून वायरमनचेही मी आभार मानतो. शेवटी "ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी साहाय्य केले" असं म्हणून थांबतो. यातले अज्ञात हात कोणाचे, हे वीस वर्षांत एकाही गृहस्थाने मला विचारलं नाही. ते माझे असतात. सतरंज्या मी घालतो, हार मी आणतो, पाहुण्यांना आणायला मी जातो, आणि शेवटी उभा राहून मंडपवाल्याला धन्यवाद देतो, ज्याने एक कनात फाटकी दिलेली असते.

हे सगळं मी मुकाट्याने केलं असतं. पण आमची भूमिका, म्हणजे माझी मुलगी, पुण्याला नोकरीला आहे, तिचा फोन आला. त्यांच्या कंपनीत कसलंसं शिबिर झालं होतं.

"पप्पा, तुम्ही सगळ्यांना थँक्यू म्हणता. स्वतःला कधी म्हटलंय?"

"स्वतःला कोण म्हणतं?"

"म्हणायचं असतं. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि नाव घेऊन स्वतःचे आभार मानायचे. आमच्या मॅडमची ॲसिडिटी गेली त्याने."

ॲसिडिटी मलाही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममधल्या आरशासमोर उभा राहिलो. आता माझी अडचण अशी की मला हळू आवाजात आभार मानता येत नाहीत. सवयच नाही. छातीत हवा भरून मी सुरुवात केली, "आज या ठिकाणी मी श्रीयुत चुडामण दौलत बोरसे यांचे मनःपूर्वक आभार मानतो..."

आमच्या बाथरूमच्या खिडकीला लागून सुनंदाबाईंचा ओटा आहे. तिकडून भांडी घासायचा आवाज थांबला. "भाऊ," सुनंदाबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "कोणी गेलं का?"

इकडे हेमलताने, म्हणजे आमच्या मंडळींनी, दारावर थाप मारली. "अहो, आत कोण आहे?"

"मीच आहे."

"मग आभार कोणाचे मानताय?"

"माझे."

मग ती तिच्या धुळ्याच्या बोलीवर आली. राग किंवा भीती असली की ती माहेरच्याच बोलीत बोलते. "येडा व्हयनात का? आधी दार उघडा!"

संध्याकाळपर्यंत कॉलनी सल्ले घेऊन हजर. सुनंदाबाईंनी सब्जा भिजवून आणला, डोक्यातली उष्णता उतरते म्हणून. मागच्या गल्लीतले निवृत्त तलाठी एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला पाच चतुर्थ्या करा म्हणाले. त्यांच्या साडूलाही असंच झालं होतं म्हणे, तो म्हशीशी बोलायचा. आमचे कॉलनी समितीचे अध्यक्ष ललित कोठावदे यांचं कापडाचं दुकान आहे आणि बोलणंही कापड मोजून दाखवल्यासारखं लांबच लांब. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि डोक्याच्या डॉक्टरचा नंबर दिला. मी विचारलं, मी तुमचे आभार मानतो तेव्हा नाही वाटत मी बिघडलोय असं? ते म्हणाले, "ते वेगळं, भाऊ. तेव्हा तुम्ही खरं बोलत असता."

या वाक्याने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

त्याच आठवड्यात सभामंडपाच्या लोकार्पणाची तारीख ठरली. कॉलनीच्या मोकळ्या जागेवर पत्र्याचा सभामंडप व्हावा म्हणून कोण धावलं, हे मी सांगायला नको, पण कोणीच सांगत नाही म्हणून सांगतो: मी धावलो. नाव घेत नाही अशा एका कार्यालयात मी इतके खेटे घातले की तिथला शिपाई मला कर्मचारी समजून चहा सांगायला लागला. एका टेबलावर म्हणत, मोकळी जागा मोकळी असल्याचा दाखला आणा. दाखला देणारा म्हणे, जागा बघायला यावं लागेल. तो आला त्या दिवशी तिथे कोणाची तरी गाय बसलेली, म्हणून त्याने जागा मोकळी नाही असं लिहिलं. मी त्या गायीला हाकललं, मांडीवर तिचं शिंग खाल्लं, पुन्हा अर्ज केला. मंडप झाला.

आणि चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर प्रमुख पाहुणे, म्हणजे एक माजी सभापती, हात जोडून. त्यांच्याखाली कोठावदे, मोबाइल कानाला लावून. खाली ओळीने सगळी समिती, कोठावद्यांचा मुलगा, आणि एका कोपऱ्यात गॉगल घातलेला कोठावद्यांचा नातू, ज्याचं वय चार आहे आणि तो त्याच मोकळ्या जागेत शू करतो. मी फ्लेक्ससमोर उभा राहून दोनदा वरून खाली बघितलं. नाव नाही. फोटो नाही. तिसऱ्यांदा वाकून बघितलं तेव्हा अगदी तळाशी बारीक अक्षरात 'आभार : चु. दौ. बोरसे' असं होतं, आणि तेही चौकातल्या फळवाल्याच्या केळीच्या घडामागे गेलेलं.

मी तिथेच ठरवलं. बास झालं. आरसा काय कामाचा? माईकशिवाय आभार मानले तर ते आभार धरतच नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. या कार्यक्रमात मी सगळ्यांचे आभार मानणार आणि शेवटी, भर सभेत, नाव घेऊन, माझेही मानणार.

समितीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा कोठावद्यांचा चहा बशीत सांडला.

"भाऊ, असं कसं चालेल? स्वतःचे आभार स्वतः मानायची प्रथा नाही."

"मग दुसरं कोणी माना."

"दुसऱ्याने मानले, तर त्या दुसऱ्याचे कोणी मानायचे?" निवृत्त तलाठ्यांनी विचारलं. त्यांना तीस वर्षं सात-बारा लिहून कुठल्याही गोष्टीत फेर पडायची भीती वाटते. "त्याचे तिसऱ्याने मानले, तर तिसऱ्याचं काय?"

"तिसऱ्याचे मानायला बोरसे भाऊ आहेतच की," कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे फिरून भाऊंवरच आलं. मग भाऊंचे परत कोण?"

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, या विषयावर आठ सुशिक्षित माणसं जेवायची वेळ टळेपर्यंत बोलली. एक पक्ष म्हणाला, आभार हे खालून वर जातात, म्हणून स्वतःकडे येऊ शकत नाहीत. दुसरा पक्ष म्हणाला, भाऊंचे आभार मानले तर सतरंज्या उचलणारे सगळेच मागतील. सतरंज्या मीच उचलतो, हे मी ओरडून सांगितलं, पण इतिवृत्तात ते 'चर्चा झाली' असं आलं. शेवटी कोठावदे म्हणाले, "समितीतल्या माणसाने समितीतल्या माणसाचे आभार मानले तर बरं दिसत नाही. तुम्हाला एवढंच वाटत असेल तर बाहेरचा माणूस आणा. त्याला दोन मिनिटं देऊ." तहाचं बोलणं बघा. स्वतःच्या आभारासाठी माणूस मी आणायचा, आणि त्याच्या जाण्यायेण्याचंही मीच बघायचं!

तरी मी हो म्हणालो. कारण तेवढ्यात मला माझा मेहुणा आठवला. हेमलताचा भाऊ मोतीलाल धुळ्याला राहतो, नरडाण्याला एका कारखान्यात पाळीवर आहे, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी काढतो. लग्नात पाठवणीला त्याला मुद्दाम बोलावतात. मी फोन लावला.

"दाजी, तुम्ही काय काळजी करू नका," मोतीलाल म्हणाला. "मी शे ना! असा आभार मानसू का बठ्ठा लोके रडतीन."

"दोनच मिनिटं आहेत."

"दोन मिनिटमा रडावसू. पन एक सांगू का? आभार पह्यले ठेवा. शेवटले कोन ऐकस?"

मी फोन हातात धरून बसलोच. आभार पहिले! वीस वर्षांत हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. लोक खुर्च्यांवर, पोटं रिकामी, नजर मंचाकडे, आणि मी उभा! मला त्या रात्री ॲसिडिटी झाली नाही.

भोंग्याच्या परवानगीला पोलीस चौकीत मीच गेलो, ते सांगायलाच नको. तिथले हवालदार चांगले होते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी खुर्ची दिली.

"कार्यक्रम कसला?"

"लोकार्पण. आणि आभार."

"आभार कोणाचे?"

"तसे सगळ्यांचे. पण मुख्यतः माझे."

"मानणार कोण?"

"मेहुणा. आणि वेळ पडली तर मी."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, तुम्हीच मानणार, तुमचेच मानणार, मग भोंगा कशाला लागतो? घरी मानता येत नाहीत?"

मी त्यांना बाथरूमची हकीकत सांगितली नाही. स्वतःचा मान राखून एवढंच म्हणालो की घरी आवाज घुमतो. त्यांनी माझ्याकडे बघत बघत शिक्का मारला.

रविवार आला. मंडपाच्या मागे भटू आचाऱ्याने दुपारपासूनच कपाशीच्या काड्यांचा जाळ केलेला. पांढरट हिरवी भरताची वांगी, एकेक वीतभर, काड्यांच्या धगीवर फुटत होती. लोखंडी चिमट्याने ती उलटायची, साल ओढायची, मग लाकडी भांड्यात मिरच्या-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. आमच्याकडे माणूस पाहुणे कोण आहेत हे विचारत नाही, वांगी कुठली आहेत हे विचारतो. धूर नेमका मंडपात येत होता आणि दोनशे माणसं माना वर करून तो खात होती. भटूला मी दरवेळी सांगतो तेच सांगितलं, "आभार सुरू झाले की वाढायला घे." वीस वर्षांची सवय. हे सांगताना आपण काय करतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि याचा राग मला कोठावद्यांवर काढता येत नाही, हा आणखी वेगळा राग आहे.

मोतीलाल वेळेवर आला, धुळ्याहून मोटारसायकलवर, तोंडावर पारोळ्यापासूनची धूळ घेऊन. सकाळची पाळी करून तसाच निघाला होता. "दाजी, सकायपासून काही खायेल नही," तो म्हणाला, आणि त्याची मान धुराकडे वळली. मी म्हटलं, आधी आभार. तो म्हणाला, हा हा, आभार. पण बघत तिकडेच होता.

प्रमुख पाहुणे मात्र आले नाहीत. एरंडोलजवळ दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेत, अर्ध्या तासात येतात, असा फोन आला. अर्ध्या तासाने पुन्हा अर्ध्या तासात येतात, असा फोन आला. लोक चुळबुळायला लागले. सूत्रसंचालिका बाईंच्या चारोळ्या संपून जुन्या चारोळ्या सुरू झाल्या. कोठावदे घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "भाऊ, काहीतरी करा. लोकांना धरून ठेवा."

मी म्हटलं, "तोवर आभार उरकून घेऊ."

"आधीच?"

"शेवटी पाहुण्यांना घाई असते."

ते बिचारे इतके गांजलेले होते की हो म्हणाले. मी मंचावर गेलो. माईक हातात घेतला. समोर बघितलं आणि माझा ऊर भरून आला. चेहरे! दोनशे चेहरे माझ्याकडे बघत होते. सुनंदाबाई तर पहिल्या रांगेत, तोंड जरा उघडं ठेवून. डावीकडे मोतीलाल, केस बसवून तयार. बाजूच्या कनातीकडे पुऱ्यांच्या कढईजवळ हेमलता बायकांमध्ये उभी होती. मी छातीत हवा भरली आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "मित्रहो, आज प्रथेला थोडं बाजूला ठेवून, मी सुरुवातीलाच आभारप्रदर्शन..."

खुर्च्या सरकल्या.

खरं सांगतो, मला आधी वाटलं पाहुणे आले म्हणून लोक उभे राहिले. मी तसे हातही जोडले. पण लोकांच्या पाठी दिसायला लागल्या. ओळखीच्या पाठी! तलाठ्यांची पोक आलेली, कोठावद्यांच्या मुलाची रुंद, सुनंदाबाईंची पदर खोचलेली. कोणी विचार केला नव्हता हो. कानात शब्द पडला आणि पाय चालायला लागले. मागे भटूने झाकण उघडलं. मी भोंग्यातून ओरडलो, "अहो बसा! अजून कार्यक्रम सुरूच झालेला नाही!" पण 'अहो बसा' हे मी आभाराच्या वेळी दरवेळीच म्हणतो, त्यामुळे पुढचं कोणी ऐकलंच नाही. तलाठी जाताजाता मला म्हणाले, "छान झाला कार्यक्रम." मी डावीकडे वळून मोतीलालला म्हटलं, तू तरी सुरू कर. डावीकडे मोतीलाल नव्हता. माझे आभार मानायला धुळ्याहून आणलेला माणूस रांगेत तिसरा होता.

पंधरा मिनिटांत पाहुण्यांची गाडी आली. ते हात जोडत मंडपात शिरले तेव्हा समोर दोनशे रिकाम्या खुर्च्या आणि मंचावर माईक धरलेला मी. त्यांनी सवयीने खुर्च्यांना नमस्कार केला. कोठावदे ताट टाकून धावत आले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर सुटले. "वाटोळं केलंत, भाऊ! एका माणसाच्या हौसेपायी अख्ख्या कॉलनीची नाचक्की! तुमचे आभार, तुमचे आभार, आता काय मिळालं?" पाहुणे मोठे अनुभवी. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, भरीत कुठे आहे?" आणि कोठावदे त्यांना हाताला धरून रांगेकडे घेऊन गेले. फीत तशीच राहिली. शाल तशीच राहिली. मंचावर मी तसाच राहिलो.

आता मात्र माझ्या अंगाचा भडका उडाला. मला कोठावद्यांचा राग आला, मोतीलालचा आला, वांग्यांचा आला. ज्या माणसाने गायीचं शिंग खाल्लं, त्याला एक वाक्य मिळू नये? दोन मिनिटं मागितली होती, देऊळ नव्हतं मागितलं! मी माईक तोंडाजवळ ओढला. भोंगा चालूच होता. साउंडवालाही जेवायला गेला होता.

"मी," मी म्हणालो, आणि आवाज शेजारच्या कॉलनीवरून फिरून परत आला, "मी चुडामण दौलत बोरसे याचे आभार मानतो. तुम्ही खा! तुम्ही खाऊन घ्या! मी मानतो. या पत्र्याखाली तुम्ही उभे आहात, तो पत्रा याने आणला. दहावीला गणितात गेला होता, पुन्हा बसला, तेव्हा घरात कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं, म्हणून त्याचे आभार. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा तिच्या उशाशी बसायचा आणि सकाळी ऑफिसला जायचा, झोप आली असं एकदाही म्हणाला नाही, म्हणून त्याचे आभार. साहेबाने भर ऑफिसात फाइल अंगावर फेकली त्या संध्याकाळी हा घरी आला, आणि पोरगी म्हणाली पप्पा घोडा व्हा, तर हा घोडा झाला. त्याबद्दल..."

माझा आवाज चिरकला. रांगेतली माणसं ताटं घेऊन माझ्याकडे वळली होती. आणि इथे एक विचित्र गोष्ट झाली. माझ्याच तोंडून, त्याच माईकवर, अगदी आपोआप निघालं, "छे छे, त्यात काय एवढं, कर्तव्यच होतं ते..."

हे माझ्या कानांवर पडलं आणि मला आयुष्यातला सगळ्यात मोठा राग आला. कोठावद्यांचा नाही, कॉलनीचा नाही. अरे, वीस वर्षांनी एक माणूस तुझे आभार मानायला उभा राहिला आणि तूही चप्पल शोधतोस? मी माईक इतका घट्ट धरला की भोंगा किंचाळला, आणि जी बोली मी मंचावर कधी काढली नाही ती माझ्या तोंडून निघाली.

"चुडामण! गपचूप ऐकी ले! लाजू नको! तुन्हा आभार मानी राह्यनू मी. उठू नको, बैस!"

आणि खरोखर मी बसलो. मंचावरच्या अध्यक्षांच्या खुर्चीत. मागे जाऊन मऊ गादीला टेकलो. कोणीतरी मला काहीतरी दिलं होतं आणि ते घेऊन काय करायचं हे मला कळत नव्हतं, असं ते होतं.

दोनशे माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती, एका हातात ताट, दुसरा हात भरताने माखलेला. पुरीचे घास तसेच. पाहुण्यांच्या मिशीला कांद्याची पात. कढईजवळ हेमलता झारा उभा धरून थांबली होती आणि तिच्या पुऱ्या करपत होत्या, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती डोळे मिटून मान हलवत होती. ती रडत होती की माझी लाज वाटत होती, हे मला एवढ्या लांबून कळलं नाही.

मग रांगेतून मोतीलालने आपला बरबटलेला हात वर केला. त्याचे डोळे भरलेले होते. लोकांना रडवणारा माणूस, स्वतःच नाक ओढत होता.

"दाजी!" तो ओरडला. "टाया वाजाडतू हो, पन हात भरेल शेतस!"

खरंच होतं ते. सगळ्या मंडपात टाळी वाजवायला एकही माणूस मोकळा नव्हता. मी माझ्या हातांकडे बघितलं. मी अजून जेवलो नव्हतो. मी माईक स्टँडला लावला, उभा राहिलो, आणि त्या उघड्या भोंग्यासमोर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.